बाथरूमचं उद्घाटन

नवं बाथरूम तयार होऊन पाच दिवस झाले, तरी आत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. टाकणार कसं? दारावर लाल रिबीन होती.

वायरमनची बायको त्या रिबिनीकडे बघून बघून थकली होती. नवरा सात महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चाकांची खुर्ची आली. पण बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा दोन इंचांनी अरुंद. तेवढ्या दोन इंचांपायी ती रोज त्याच्या काखेत हात घालून त्याला आत न्यायची. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, "आणखी एकदा कमरेत लचक भरली ना, तर घरात दोन खुर्च्या लागतील."

मग संस्था मदतीला धावून आली. धावून, म्हणजे चार महिन्यांत. अर्जात ‘लाभार्थीची उंची’ असा रकाना होता. तिनं पाच फूट नऊ इंच लिहिली. गवंड्यानं त्याच हिशेबानं धरायचा दांडा बसवला, उभ्या माणसाच्या छातीशी येईल असा.

"अहो दादा, हे उभे राहत असते तर दांडा कशाला मागितला असता?"

"ताई, कागदावर आहे तसं केलंय. कागदावर हे उभेच आहेत."

"मग मला कागदावरच ठेवा," वायरमन म्हणाला. "तिथं बरा आहे मी."

दांडा खाली आला, दार रुंद झालं, आणि संस्थेच्या मॅडम रिबीन घेऊन हजर. "देणगीदार साहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे. तोवर वापरू नका हं. फोटोत कोरं दिसायला हवं."

"साहेब उद्घाटन म्हणजे नेमकं काय करणार?" वायरमननं विचारलं.

"गप्प बसा हो!" बायको पुटपुटली. घरापुढच्या पायऱ्यांवर खुर्चीसाठी उतार बांधायचा बाकी होता, आणि तोही मॅडमच्याच हातात.

पहिल्या दिवशी साहेबांना सर्दी झाली. मग त्यांना कुठल्याशा शाळेत पंख्याचं बटण दाबायला जावं लागलं. तोवर ती नवऱ्याला दोन पायऱ्या उतरवून शेजारच्या काकूंकडे न्यायची. काकू भल्या, पण आता त्यांच्या घरातच रांग लागायला लागली होती.

आज साहेब अकराला येणार होते. साडेबारा वाजले.

"अगं, मला जायचंय."

"आत्ता?"

"नाही, मुहूर्त काढून."

ती वाकली, त्याच्या काखेत हात घातले, आणि कमरेत अशी कळ आली की सरळच होता येईना. "काकूंकडे कुणाला तरी हाक मारते," ती दात आवळून म्हणाली.

"काकूंकडे सकाळपासून कुलूप आहे. बाजूला हो."

"अहो, उताराचं काम राहिलंय!"

"उतार बाहेर जायला लागतो. मला आत जायचंय."

त्यानं चाकं ढकलली. रिबीन तुटली नाही. दोन्ही बाजूंच्या खिळ्यांसकट निघाली आणि चाकात गुंडाळून त्याच्याबरोबर आत गेली. दार लागलं. कडी लागली.

ती सवयीनं दाराशीच उभी. आत खुर्ची करकरली, दांड्यावर तळहात आपटला, मग दम लागल्याचा आवाज.

"जमतंय का?"

"तू जा."

"कुठे?"

"कुठेही."

भिंत धरत ती पुढच्या खोलीत आली आणि साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीत टेकली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पुढे मॅडम, मागे कात्रीचं तबक घेतलेला फोटोवाला, शेवटी शिंकत साहेब.

"ताई, रिबीन कुठंय?"

"आत. ह्यांच्याबरोबर."

मॅडमचा चेहरा पडला. "वापरलं? मी बजावलं होतं ना? आता उताराचं मी काय सांगू कमिटीला?"

"सांगा काय सांगायचं ते."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय. किती वेळ लागेल, जरा विचारा की त्यांना."

"नाही विचारणार," ती म्हणाली. तिला उठताही येत नव्हतं. "सात महिने दारात उभी राहून मी तेच विचारत होते."