सरांची दुपारची झोप

माझे योगाचे पहिले सर महाखडूस. उभं राहताना दोन पावलांत किती अंतर आहे ते लाकडी पट्टीनं मोजायचे आणि बोटभर चुकलं तरी सगळ्या वर्गासमोर बिनपाण्यानं हजामत करायचे. अंगाखाली घ्यायच्या पांघरुणाची घडी नीट झाल्याशिवाय आसन सुरूच होत नसे. कडा जुळल्या पाहिजेत, सुरकुती नको, गुळगुळीत दुमड मानेकडे. मला ते ‘घाईबाई’ म्हणत.

त्या पट्टीचा मला उबग आला आणि मी दुसऱ्या सरांकडे गेले. तिथं तापवलेल्या खोलीत एका आसनातून दुसऱ्यात न थांबता जायचं, घामानं निथळायचं. पहिले सर म्हणाले, “सर्कशीत चाललीस. जा.” पुढं गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा मी एका बाईंकडे पोचले. त्या माणसाला उशांवर निजवायच्या आणि बराच वेळ काही म्हणजे काही करू द्यायच्या नाहीत. त्यावर सरांचा शेरा आला, “तिथं म्हातारपण शिकवतात.” हे कुणीतरी मला येऊन सांगितलंच. लोकांना तेवढंच काम असतं.

आता मी स्वतः शिकवते. सरांचा राग यायचा, पण वर्गात कुणी पांघरूण बोळा करून ठेवलं की माझ्या तोंडून सरच बोलायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? आमचं बोलणंच उरलं नव्हतं.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. “ताई, बाबा आडवेच होत नाहीत. पाठ टेकली की दम लागतो. खुर्चीत बसतात आणि टेबलावर डोकं ठेवतात, बस. नर्सनं उशा लावून दिल्या तर बाबांनी त्या भिरकावल्या. डॉक्टर म्हणालेत, उद्यापर्यंत झोप लागली नाही तर दाखल करा. आणि बाबा म्हणतात, तिथून मी परत येणार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, मलाही तसंच वाटतंय. तुम्ही एकदा येऊन बघाल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मुलीला कामावर जाणं भागच होतं. मला आत घेऊन ती तशीच बाहेर पडली. सर टेबलावर कोपरं टेकून बसले होते. एवढा ताठ माणूस, पार चिपाड झाला होता. मला गलबलून आलं.

“घाईबाई,” ते म्हणाले. मग दम घेतला. “सर्कस बंद पडली?”

“चालू आहे, सर. तुम्ही कसे आहात?”

“दिसत नाही?”

पुढं मी जे केलं ते फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. वर्गातल्या सवयीनं, गोड आवाज काढून म्हणाले, “सर, डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या.” त्यांनी दिलं. लक्ष दिलं आणि तो पुरत नाहीये हे त्यांना नीटच कळलं. डोळे विस्फारले, टेबलाची कड घट्ट धरली, ओठ काळेनिळे झाले. दम लागलेल्या माणसाला श्वासाकडे बघ म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी किती खोल आहे ते सांगणं. ते सावरेपर्यंत मी नुसती त्यांची पाठ धरून उभी होते.

बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, “मूर्ख.”

“हो, सर.”

त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. कपाटातून होती नव्हती ती पांघरुणं काढली आणि पलंगावर घड्या घालायला लागले. घालता घालता घशातून बारीक आवाज करत श्वास घेत राहिले, लांब आणि सावकाश. त्या तापलेल्या खोलीत आम्ही सगळे असाच श्वास घ्यायचो. शेजारच्याचा ऐकून आपला आपोआप लयीत येतो, कुणी सांगायला लागत नाही. सर माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. पण हळूहळू त्यांचे खांदे माझ्याबरोबर वर-खाली व्हायला लागले.

बाईंनी शिकवला होता तसा मी घड्यांचा उतार रचला. कमरेशी बुटका, डोक्याकडे चढता, हातांखाली एकेक उशी, गुडघ्यांखाली लोड. मग बाजूला झाले. ‘या’ म्हणाले नाही. म्हटलं असतं तर आलेच नसते.

थोड्या वेळानं ते टेबलाला धरून उठले. पलंगाशी आले. सगळ्यात वरच्या पांघरुणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळले आणि मागं टेकले.

मी वाट बघत होते की आता दम लागणार. पण त्यांची मान सैल पडली, मग जबडा, आणि मग तोंड उघडं टाकून सर झोपले. मी पलंगाजवळ जमिनीवर बसून होते. उठायची भीती वाटत होती.

संध्याकाळी मुलगी आली. दारातूनच तिनं बापाला मागं रेललेलं, निवांत पाहिलं, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिचा काय समज झाला ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी तिचा हात धरून आणला आणि सरांच्या पोटावर ठेवला. हात वर आला, खाली गेला. परत वर आला. ती मटकन खाली बसली आणि पदराआड तोंड लपवून रडली.

त्या आवाजानं सर जागे झाले. जरा वेळ छताकडे बघत पडून राहिले. मग मला विचारलं, “हे कुणाचं?”

“उतार उशीवाल्या बाईंचा. श्वास सर्कशीतला.” मी त्यांच्या मानेखालच्या पांघरुणाला हात लावला. “घडी तुमची, सर.”

“आणि तुझं?”

“माझं काही नाही. सगळं उसनं.”

त्यांनी डोळे मिटले. परत झोपले असं वाटून मी पर्स उचलली.

“मग उद्याही घेऊन ये,” सर म्हणाले.