मुलीनं आणलेली सायकल

मी व्यायामाची सायकल बोलतेय. रस्त्यावर धावणारी नव्हे, खोलीत एका जागी उभी राहणारी. पुढे एक जड चाक, दोन पायडल, वर सीट आणि मिनिटं दाखवणारी एक छोटी पट्टी, एवढाच माझा संसार. कितीही पायडल मारा, मी जात कुठेच नाही. लोक त्यावरून माझी चेष्टा करतात. करोत बापडे.

कारखान्यातलं फारसं काही आठवत नाही. नीट आठवतं ते शोरूम. तिथे येणारा प्रत्येक जण एकदा तरी माझ्यावर बसून बघायचा. बसला की चेहऱ्यावर उद्यापासूनचा निश्चय उमटायचा. उतरताना मात्र तो निश्चय माझ्या सीटवरच ठेवून माणूस निघून जायचा.

एके दिवशी एक मुलगी आली. ती बसली नाही. तिनं आपल्या डोक्याच्या वर हात धरून विक्रेत्याला विचारलं, एवढ्या उंचीच्या माणसाला ही बरी पडेल का, त्यांचे गुडघे जरा कुरकुरतात आणि नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलाय. विक्रेता माझे गुण गाऊ लागला, तर ती म्हणाली, "ते सगळं असू द्या. चालवताना आवाज किती येतो ते सांगा. त्यांना रेडिओ ऐकू आला पाहिजे." तेव्हाच मला ती आवडली.

तिचे बाबा पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. खाली दुकान, वर घर. मला वर नेऊन खिडकीपाशी ठेवलं. मिस्त्रींनी माझ्याभोवती एक फेरी मारली, चष्मा नाकावर घेतला आणि पान्हा काढून मला पार खोलून टाकलं. प्रत्येक भाग पुसला, तेल दिलं, पुन्हा जोडलं. संध्याकाळी घाम पुसत म्हणाले, "झाला आजचा व्यायाम." मुलगी आणि तिची आई खो खो हसल्या. त्या घरातलं माझं पहिलं हसू ते.

ही मुलगी हॉस्पिटलात मानसशास्त्रज्ञ होती. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या लोकांना डॉक्टर व्यायाम सांगत. लोक तो जोरात सुरू करत आणि थोड्याच दिवसांत सोडून देत. का सोडतात, मन नेमकं कुठे अडतं, ते शोधून त्यांना पुन्हा चालतं ठेवणं हे तिचं काम. पेशंट तिला ताई म्हणत. घरात ती नुसती बाळ होती.

पहिले काही दिवस मिस्त्री माझ्यावर बसले. मग बसेनासे झाले. मुलगी संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "बाबा, आज बसलात का?"

"बसलो होतो की," ते म्हणायचे.

ते कसे बसायचे ते मला विचारा. दुपारी जेवण झालं की माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालायचे, रेडिओ लावायचे आणि एका हातानं माझं पायडल गरागरा फिरवायचे. पट्टीवर मिनिटं चढायची. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि काही न बोलता आत जायची. मला हसू यायचं आणि कीवही यायची. एवढा मोठा माणूस शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा बसलेला.

एक दिवस मुलगी लवकर घरी आली. मिस्त्री जमिनीवर, हात पायडलवर, चाक जोरात फिरतंय. ती दारातच थांबली. मग जे बोलली ते तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. परक्या माणसांना दिवसभर समजावून घसा बसतो आणि घरचा माणूस आपल्याला फसवतो, म्हणाली. शेवटी आवाज चिरकला. "मरायचंय का तुम्हाला?"

मिस्त्री उठले, रेडिओ बंद केला आणि जिना उतरून दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी मला आतल्या खोलीत सरकवलं. आधी माझ्या हँडलवर एक टॉवेल आला, मग शर्ट, मग घरातले सगळेच ओले कपडे. मी कपडे वाळवायच्या दांडीची नोकरी धरली. बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले.

पुढे मिस्त्री तपासणीला हॉस्पिटलात गेले. त्या संध्याकाळी आतल्या खोलीत बसून त्यांनी आईला सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. नंबर लागायला वेळ होता. फिरता फिरता ते एका खोलीशी पोचले. दार उघडं, आत पेशंट गोल करून बसलेले आणि मधे आपली मुलगी. मिस्त्री बाहेरच्या बाकावर भिंतीआड बसले. आत एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की चालायला जाणं बंद झालंय, आळस भरलाय अंगात. मुलगी त्यांना रागावली नाही. तिनं विचारलं, काल निघायच्या ऐन वेळी काय झालं ते सांगा. ते गृहस्थ चाचरत म्हणाले, बूट घातले आणि वाटलं, रस्त्यात पडलो तर? त्यावर ती म्हणाली, याला आळस नाही म्हणत काका, याला भीती म्हणतात, आणि भीती वाटणाऱ्या माणसाला कोणी ढकलत नाही. उद्या चालू नका. नुसते बूट घालून दारात उभे राहा. पुरे तेवढं.

"किती छान बोलते गं ती," मिस्त्री आईला म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

आई कपड्यांची घडी घालत होती. ती म्हणाली, "तुमच्याशी नाही तिला तसं बोलता येत. तुमच्या बाबतीत हात कापतात तिचे."

रात्रीची पानं वाढली तेव्हा मिस्त्रींनी मुलीला म्हटलं, "मला तुझा पेशंट करून घे."

"बाबा, घरच्या माणसावर तसं काम करत नाहीत आम्ही."

"मग कसंही कर. तू मुलगी म्हणून घाबरतेस आणि मी तुझ्या घाबरण्याला घाबरतो. आपण दोघं मिळून त्या बिचाऱ्या सायकलवर कपडे वाळवतोय."

 मुलगी ताटावरून उठली, आतल्या खोलीत आली, माझ्यावरचे कपडे काढून पलंगावर टाकले, बाबांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझ्यावर बसल्यावर काय होतं, एवढंच तिनं विचारलं आणि गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं. त्यात घाई नव्हती.

मिस्त्री हळूहळू बोलू लागले. पायडल मारलं की छाती धडधडते. झटक्याच्या दुपारी दुकानात स्टुलावर बसलेले असताना अगदी अशीच धडधडली होती, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला होता आणि उचलता आला नव्हता. माझ्यावर बसलं की ती दुपार परत येते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आई दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली.

मुलीनं त्यांचं मनगट हातात घेतलं. दोघांनी मिळून नाडी पाहिली, मग मिस्त्रींनी थोडंसं पायडल मारलं, मग पुन्हा पाहिली. कामानं वाढलेली धडधड थांबल्यावर कशी आपणहून उतरते, ते तिनं त्यांच्याच बोटांना कळू दिलं. मिनिटांची पट्टी तिनं बंद करायला लावली. आणि म्हणाली, सायकल वर नकोच, तुमचा जीव जिथे रमतो तिथे ठेवू. शटर उघडलं की कामाला हात लावायच्या आधी तिच्यावर बसायचं. मारावंसं वाटलं तर मारायचं पायडल, नाहीतर बसून रस्ता बघायचा.

अशी मी दुकानात आले, आणि माझे सोन्याचे दिवस आले. मिस्त्री रोज बसत. आधी जरासे, मग रेडिओवरची बातमीपत्रं संपेपर्यंत. दुरुस्तीला मिक्सर घेऊन आलेल्या बायका म्हणत, मिस्त्री, कुठवर पोचलात? ते म्हणत, येतोच आहे, तुमच्याच घराकडे निघालोय. एखाद्या दिवशी बसणं चुकलं तरी मुलगी विचारत नसे. संध्याकाळी येऊन माझ्या सीटवर टेकायची, त्यांच्याशी गप्पा मारायची, चहा प्यायची आणि वर जायची. मिस्त्रींचा चेहरा भरला. जिना चढताना ते गाणं गुणगुणू लागले.

मग एके सकाळी शटर उघडलं नाही.

वरून पावलांचे आवाज आले, गाडी आल्याचा आवाज आला. मी अंधारात उभी. बाहेर शेजारच्या शिंप्याचं बोलणं कानावर पडे, त्यावरून समजत गेलं. मुलीला ताप होता. दमल्यानं आला असेल म्हणून ती अंगावर काढत कामाला जात राहिली. ताप मेंदूपर्यंत गेला. ज्या हॉस्पिटलात ती लोकांना उभं करायची, तिथेच तिला निजवलं होतं. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसून होते. मग शिंपी एक दिवस कोणाला तरी हलक्या आवाजात म्हणाला, "गेली हो पोर." त्यानं आपलं मशीन दिवसभर सुरू केलं नाही.

दुकान उघडलं तेव्हा मिस्त्री ओळखू येत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक जुनी चादर आणली आणि मला डोक्यापासून पायडलपर्यंत झाकलं. चादरीआडून मला त्यांच्या हत्यारांचे आवाज तेवढे ऐकू येत. डॉक्टरांनी फोन करून व्यायामाचं विचारलं, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "कोणासाठी?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. फोन लगेच ठेवला गेला.

काही दिवसांनी ते म्हातारे गृहस्थ आले, बूट घालून दारात उभे राहायला सांगितलेले. मिस्त्री त्यांना ओळखत होते, ते मिस्त्रींना ओळखत नव्हते. ताईंचे वडील इथे बसतात असं कळलं म्हणून आलो, म्हणाले. ताईंच्या जागी अजून कोणी आलं नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी चालणं सोडलं. मी अजून दारापर्यंत जातो, पुढे पाय उचलत नाही. मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं.

जरा वेळानं ते गृहस्थ म्हणाले, "ताई आम्हाला त्यांच्या एका पेशंटचं नेहमी सांगायच्या. म्हणायच्या, मी त्याला खूप रागावले, फार चुकले. माणूस धाकानं चालत नाही, हे मला पुस्तकांनी सांगितलं होतं, पण शिकवलं त्या पेशंटनं. कोण होता तो, तुम्हाला काही बोलल्या होत्या का?"

 मिस्त्रींनी हातातलं पंख्याचं पातं खाली ठेवलं. मग त्यांच्या घशातून असा आवाज आला की ते गृहस्थ घाबरून उठले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मुलगी गेल्यापासून मिस्त्री रडले नव्हते. त्या दिवशी दोन म्हातारी माणसं गिऱ्हाइकांसमोर रडली, आणि गिऱ्हाइकं सामान घेऊन गुपचूप परत गेली.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मिस्त्री माझ्यावर बसले. नाही बसले. दुःख असं हुकमानं उठत नाही.

एका दुपारी ते सामान आणायला बाजारात गेले होते. आई जिना उतरून दुकानात आली. तिनं माझ्यावरची चादर काढली, सीटवरची धूळ हातानं पुसली आणि चढून बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदाच बसत होती. तिला कोणी कधी बस म्हटलंच नव्हतं, मीही मनात कधी आणलं नव्हतं. तिचे पाय पायडलपर्यंत पोचेनात. तिनं हँडलवर कपाळ टेकलं. माझ्या लोखंडावरून तिचे अश्रू ओघळत होते आणि मला पुसायला हात नव्हते.

मिस्त्री केव्हा आले तिला कळलं नाही. ते पिशवी धरून बघत राहिले.

"पाय पुरत नाहीत," ती मान न उचलता म्हणाली.

मिस्त्रींनी पिशवी ठेवली. तिला हात धरून उतरवलं, पान्हा काढला, सीटचा नट सैल केला. मुलीनं त्यांच्या उंचीला बसवलेली सीट त्यांनी सावकाश खाली घेतली. पुन्हा तिला बसवलं.

"आता?"

"पुरतात."

तिनं पायडल मारलं. चाक इतके दिवस बंद होतं, जड फिरलं. ते तिच्या शेजारी, हँडलला धरून उभे राहिले.

माझी सीट अजून तेवढीच खाली आहे. आई कधी बसते, कधी बसत नाही. मिस्त्री बसत नाहीत, पण ती बसली की उभे असतात. दोघं कोणाबद्दल गप्प आहेत ते मला माहीत आहे. त्या घराची जखम भरेल असं मी म्हणणार नाही. मी एक सायकल आहे, एवढं मोठं आश्वासन माझ्या तोंडी शोभत नाही.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपड्यांखाली दबून उभी असेल. जो तिच्यावर बसत नाही त्याला आळशी म्हणू नका. त्याच्यासमोर खुर्ची ओढा, विचारा आणि गप्प राहा. आणि घरात ज्याला आजवर कोणीच बस म्हटलं नाही, त्याची उंचीही एकदा बघून ठेवा. येते मी. आई जिना उतरतेय.