चोविसावा खांब

पुलाच्या कठड्यावर कौन्सिलने कागद ठोकला होता, तोही खिळ्याने. सव्वाशे वर्षांच्या लाकडाला उगीच एक भोक पाडलं म्हणून नोला ट्रेगिअरचं डोकं आधी फिरलं. मजकूर तिने नंतर वाचला. चोवीसही खांब आतून पोकळ. पूल धोकादायक. सोमवारपासून पाडकाम.

नोला अडुसष्ट वर्षांची. त्यातली चौतीस वर्षं तिने याच पुलाची सुतारकी केली. फळ्या बदलल्या, बोल्ट आवळले, गंजलेल्या पट्ट्या काढून नव्या ठोकल्या. चोवीसही खांब पोकळ, म्हणजे बाई चौतीस वर्षं झोपा काढत होती, असाच त्या कागदाचा अर्थ होत होता.

स्वॉन आर्म गावाला असे कागद नवे नव्हते. आधी लोणी कारखान्याची चिमणी धोकादायक ठरली, मग आगबोटींचा धक्का, मग खारं सरोवर समुद्राला मिळतं तिथलं जकातघर. दर वेळी गावाने सह्या गोळा केल्या, सभा भरवली, सभेत चहा-केक खाल्ला आणि घरी जाऊन टीव्ही लावला. चिमणीच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. धक्क्याच्या जागी धक्क्याचा फोटो असलेली पाटी आहे.

"या वेळी हातोडा," नोला कॉन स्टाव्राकिसला म्हणाली. कॉन तिचा शेजारी, सरोवरात ब्रीम मासे धरणारा. "उद्या सकाळी तुझी होडी लागेल."

"अगं, उद्या कुंपण घालायला माणसं येणारेत. तो इंजिनिअर पण."

"म्हणून तर उद्या."

शनिवारी सकाळी अर्धं गाव पुलावर. कुणीतरी शेगडी पेटवून पावात सॉसेज घालून वाटायलाही लागलं होतं. या गावात बंड उपाशीपोटी होत नाही. नव्वदीचा क्लॅरी बॉट, एके काळचा पुलाच्या टोळीचा मुकादम, त्याला खुर्चीसकट आणून मधोमध ठेवला होता. कुंपणाचा ट्रक गर्दीत अडकला. मग नवंकोरं नारिंगी जाकीट घालून, पूल तपासणारा कौन्सिलचा इंजिनिअर फर्गस व्हिटलो आला.

"मिसेस ट्रेगिअर, तुमच्या भावना मी समजू शकतो—"

"भावना घरी ठेवून आलेय. होडीत बस."

"कशाला?"

"खांब वाजवायला. चांगलं लाकूड खणकतं, पोकळ लाकूड भद्द करतं. शेंबड्या पोरालाही कळतं, तुलाही कळेल."

लोक हसले. सगळं गाव बघत असताना नाही म्हणायची सोय उरली नव्हती. फर्गस होडीत बसला, कॉनने वल्ही मारली.

पलीकडच्या काठापासून सुरुवात केली. नोलाने पहिल्या खांबावर पाण्याच्या रेषेशी हातोडा मारला, कारण कुजायला लाकूड तिथूनच लागतं. खण्ण! वर पुलावरून आरोळी आली, "एक!" दुसरा खणकला, तिसरा खणकला. दहाव्या खांबापर्यंत वरचे लोक पाय आपटून मोजू लागले. बाराव्याला फर्गसने आपणहून हात पुढे केला.

"घे की. मोडत नाही तो," नोला म्हणाली.

त्याने मारला. खांबाने त्याला कोपरापर्यंत झिणझिण्या आणल्या. पुढचे अकरा खांब त्यानेच वाजवले, आणि गाव मोजत राहिलं. "तेवीस!"

आता फक्त अलीकडच्या काठाचा, पायऱ्यांजवळचा खांब उरला. नोलाने हातोडा परत घेतला. हा खांब तिचा होता.

एकतिसाव्या वर्षी ती टोळीत लागली, टोळीतली पहिली बाई. बाईला खांब बसवता येणार नाही, अशी पुरुषांनी पैज लावली. खाऱ्या पाण्यात टिकतं ते रेडगमचं लाकूड, पण आवारात त्याचं खोड नव्हतं. क्लॅरी म्हणाला, दोन आठवडे थांब. ती थांबली नाही. तिथे पडलेलं मेसमेटचं खोड तिने घेतलं आणि शुक्रवारच्या आत खांब उभा करून पैज जिंकली. मेसमेट कुंपणाला चालतं. खाऱ्या पाण्यात उभं करायचं ते लाकूड नव्हे. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. नंतर दरवर्षी ती सगळे खांब पाण्याच्या रेषेशी वाजवायची, हा एक तेवढा वरच्या अंगाला, कोरड्या जागी. कुणी विचारलं तर म्हणायची, हा तुम्हा सगळ्यांना पोचवून येईल.

त्या खांबावर आज बोटाएवढं गोल भोक होतं, ताजं, बूच ठोकलेलं.

"हे तुझं?"

"हो. तपासणीचं."

"बाकीच्या तेविसांना कुठे भोक दिसलं नाही ते."

फर्गसचे कान लाल झाले. "पायऱ्यांवरून हात इथवरच पोचत होता. पुढे होडी लागली असती. म्हणून नमुना म्हणून एक..."

शितावरून भाताची परीक्षा करतात, ठीक आहे. पण खांब एका हंडीत शिजत नाहीत. आणि या बाबाने हंडीत हात घालून नेमकं उचललेलं शीत नोलाचंच होतं. लोणी कारखान्याच्या चिमणीनंतर गावात जे उरलं होतं, ते तिच्या एका पैजेपायी जाणार होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

कॉन वल्हं धरून जवळ वाकला. त्यालाही सगळं माहीत होतं. "नोला," तो कुजबुजला, "वर मार. वर वाजेल."

तिने हातोडा उचलला आणि पाण्याच्या रेषेशी मारला. भद्द.

वर कुणी मोजलं नाही.

"काय झालं गं?" क्लॅरी ओरडला. त्याला आता फारसं ऐकू येत नसे. "कसा वाजला?"

"पोकळ!" नोला बेंबीच्या देठापासून ओरडली. "पोकळ आहे, क्लॅरी! तू थांब म्हणाला होतास! मी थांबले नाही!"

"माहितीये!" म्हातारा वरून खोकत हसला. "सदतीस वर्षं माहितीये!"

फर्गसला जरा धीर आला. "म्हणजे माझा अहवाल..."

"तुझा अहवाल एका खांबाचा आहे."

"पण एक जरी पोकळ असला तरी नियमाने—"

"एक दात किडला म्हणून जबडा काढतोस का रे? सोमवारी तुझी क्रेन येणारच आहे ना? ती हा खांब उपटेल. रेडगमचं खोड मी बसवीन. तोवर गाड्या बंद ठेव, माणसं चालू दे. कुंपण घालायचं असेल तर मला आत ठेवून घाल. मी इथून हलत नाही." तिने होडीचा दोर त्या कुजक्या खांबाला तीन वेढे देऊन बांधला.

कॉनने वल्ही आत घेतली आणि पाय लांब केले. "मला पण घाई नाही," तो म्हणाला.

फर्गसने वर पाहिलं. कठड्यावरून शंभरेक चेहरे खाली बघत होते. त्याने खिशातून अहवाल काढला, 'चोवीसही' खोडलं आणि 'एक' लिहिलं.

"कुणाचा ते पण लिही," नोला म्हणाली.

"तसा रकाना नसतो."

"मग कोपऱ्यात लिही. हा खांब नोला ट्रेगिअरने चुकीच्या लाकडाचा बसवला आणि लपवला. उरलेले तेवीस खणखणीत आहेत, त्यांना कौन्सिलने हात लावायचा नाही."

त्याने लिहिलं. दोर सोडायला कॉनने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"आता उभा राहा आणि मोठ्याने वाच. क्लॅरीला ऐकू गेलं पाहिजे."

होडी डुलत होती. फर्गस पाय फाकवून उभा राहिला, घसा खाकरला, आणि सगळ्या गावासमोर आधी तिचं नाव वाचलं.