पाय घरी ठेवून येण्याबाबत

गाडीतला पंखा एका चापटीत सुरू झाला. मात्र ती चापट अजून कुणी मारलेलीच नाही असं धरून चालू, कारण इंजिनिअरचा तीन आठवड्यांचा घाम गळायचा बाकी आहे.

इंजिनिअर हा इंजिनिअर नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचा. एकदा घरचा मिक्सर दुरुस्त करून त्याने दोन स्क्रू उरवले, त्या दिवशी आत्याने त्याला ही पदवी दिली. मिक्सर अजून चालतो आणि स्क्रू अजून कपाटात आहेत, त्यामुळे पदवी काढून घ्यायला कुणाला निमित्त मिळालेलं नाही.

आत्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि एका सरकारी कार्यालयात आवक टेबलावर बसायची. लोकांचे अर्ज घ्यायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा, असं एकतीस वर्षं. इंजिनिअरने जुनी का होईना, पहिली गाडी घेतली, तेव्हापासून तो तिला रोज सकाळी सोडायला जायचा. ती पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसायची आणि मधूनच चपलेच्या टोकाने डॅशबोर्डच्या खाली टक्कन हाणायची. गाणं नाही, ताल नाही. पाच-सात मिनिटं शांतता, की टक.

आठ महिने त्याने हे सोसलं. एका सकाळी उशीर झालेला, सिग्नल सुटेना, आणि पुन्हा टक झालं.

"आत्या, हा पाय घरी ठेवून येत जा," तो म्हणाला.

"बरं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाय गाडीत आणला नाही. पाय जिला जोडलेला होता ती उरलेली आत्याही आली नाही. दोघं बसने जाऊ लागले. तिच्या निवृत्तीला तेव्हा कामाचे एकोणीस दिवस उरले होते. दोन दिवस रुसेल आणि येईल, असा इंजिनिअरचा हिशेब होता. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी आत्या आली नाहीच, वर दोन दिवस अडखळणारा पंखाही पुरता बंद पडला.

उन्हाचे दिवस. काचा खाली केल्या तर धूळ, वर केल्या तर भट्टी. त्याने मनाशी ठरवलं की आधी पंखा दुरुस्त करायचा, मग वर जाऊन माफी मागायची. उकडत्या गाडीत माणसाला कुठल्या तोंडाने बोलवायचं? या एका विचाराने त्याचा घात केला, पण तेव्हा तो त्याला फार समजूतदार वाटला होता.

त्याने पंख्याचा फ्यूज काढून हॉर्नचा लावून पाहिला. पंखा फिरला नाही आणि हॉर्नही गेला. आता गाडीला वारा नव्हता आणि वाचाही नव्हती. मग त्याने पंख्याला वीज सोडणारा रिले बदलला. मग डॅशबोर्डचा कप्पा उतरवून आतल्या जाळीतून ओंजळभर वाळकी पानं काढली. सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरला, तो कपाटातल्या दोघांच्या सोबतीला गेला. बटण पिळलं. पंखा ढिम्म.

असे एकोणीस दिवस संपले. शेवटच्या संध्याकाळी सिग्नलवर शेजारी बस थांबली. खिडकीत आत्या होती आणि तिच्या मांडीवर एक मोठं खोकं. सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून तिला टेबलफॅन दिला होता. इंजिनिअरने हॉर्न दाबला. तो वाजला नाही.

सोमवारी तो गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेला. म्हाताऱ्याने काही उघडलं नाही. शेजारच्या सीटवर बसला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि एक चापट मारली. पंखा फिरू लागला.

मोटरचे कार्बन झिजलेत, म्हातारा म्हणाला. अडकली की धक्का द्यावा लागतो, एवढे महिने चालली म्हणजे कुणीतरी ठोकत असणार.

"इथं कोण बसतं?"

"कुणी नाही," इंजिनिअर म्हणाला.

नवी मोटर बसवून तो तसाच वर गेला. आत्या टेबलफॅनसमोर बसली होती. तिला ठाऊक होतं का, असं त्याने विचारलं. न कळायला काय झालं, ती म्हणाली. वारा पडला की ती हाणायची, की पुन्हा सुरू.

"मग बोलली का नाहीस?"

"पहिली गाडी तुझी. केवढा मिरवत होतास. म्हटलं, मी बसतेच आहे शेजारी, चालेल तोवर चालेल."

इंजिनिअरने टेबलफॅनकडे पाहिलं. पंखा मान हलवून नाही नाही म्हणत होता.

"उद्या सोडतो तुला," तो म्हणाला.

"कुठे?" आत्याने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

मग त्याचं तोंड बघून तिने एकतीस वर्षं टेबलापलीकडच्यांना सांगितलेलं वाक्य त्यालाही सांगितलं: तोंडी काही चालत नाही, लेखी दे. फक्त शिक्का तिने शुक्रवारीच जमा केला होता.

त्याने खिशातल्या चष्म्याच्या पावतीची मागची बाजू घेतली आणि लिहिलं:

प्रति, आवक टेबल. महोदया, उपरोक्त विषयी सविनय विनंती की, अर्जदाराने सिग्नलवर उच्चारलेले वाक्य मुळातून रद्द समजण्यात यावे, आणि निवृत्तीपूर्वीचे एकोणीस दिवस, उजव्या पायासह, अर्जदाराच्या गाडीतील शेजारच्या सीटवर पूर्ववत जमा करण्यात यावेत.