वाट्यातली मोटार

"उचल बाई, जे मनाले येईन ते उचल. कोनी काही म्हननार नाई," पंच म्हणून आलेल्या भैय्याजींनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि पानाची पिंक टाकायला ते ओसरीच्या कडेला गेले.

ओसरीवर दोन पितळी ताटं मांडली होती. डाव्या ताटात काळ्या शेताचं ढेकूळ, बैलाच्या गळ्यातली घंटी आणि सोन्याच्या पाटल्या. उजव्या ताटात संत्र्याची एक डहाळी आणि तिच्यावर मोटारीची किल्ली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, हा या घराण्याचा रिवाज. थोरले रघुनाथराव तक्क्याला टेकून बसले होते. धाकटा दत्तात्रय काही वर्षांमागे वारला होता, म्हणून त्याची बायको जयवंता उचलायला आली होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती चौकटीपाशी उभी होती. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही ही पद्धत, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं ती एकदाही मोडली नव्हती.

छप्पन्न सालचा नोव्हेंबर होता. नुकतंच नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही सौंसरवाले, आमचं सगळं जाणं-येणं नागपूरला असून, भोपाळच्या पदरात पडलो होतो. जिकडेतिकडे वाटण्याच चालल्या होत्या, तेव्हा रघुनाथरावांचं एकत्र घर तरी कसं टिकणार?

"मोटार कितीची धरली म्हनता?" भैय्याजींनी परत येऊन विचारलं.

"जुनी झाली हो. भंगार हाय. बगीच्यासोबत अशीच टाकून दिली," रघुनाथराव म्हणाले.

"कालपावतो तर सोनं होती!"

पंच हसले. रघुनाथरावही हसले. त्यांना हसायला काय जातं! डाव मोठा सरळ होता. विहिरीचा बगीचा म्हणजे घराचा जीव, तो त्यांना हवा होता. मोटारही हवी होती. आणि जयवंतेला त्या मोटारीची किती शिसारी आहे, ते अख्ख्या सौंसरला ठाऊक होतं. मोटार उभी असायची त्या बाजूनं ती पाणी भरायलासुद्धा जात नसे. तिची सावली अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करीन, असं ती चारचौघींत बोललेली होती. म्हणून या गृहस्थानं ती मोटार बगीच्यात बुजगावण्यासारखी उभी केली. बाई भिऊन दुसऱ्या ताटाकडे वळेल, आपल्याला दोन्ही मिळतील.

ही शिसारी उगाच नव्हती. मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब स्वातंत्र्यानंतर वर्षभरात विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची शर्यतीची मोटार रघुनाथरावांनी घेतली. लाल, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, दोनच माणसांची. पोटलं भाजीचंसुद्धा धड मावायचं नाही. दत्तात्रयानं खांद्यावर कावड वाहून जगवलेल्या बगीच्याचा तो पहिला भरघोस बहार, आणि तो सगळा त्या मोटारीत गेला. लोकांनी विचारलं तर रघुनाथराव सांगत, "इन्व्हेस्टमेंट हाय. साहेब लोक गेले, आता अशी गाडी येनार नाई. जे येनार नाई त्याचा भाव चढते. संत्र सडते, लोखंड सडत नाई." इन्व्हेस्टमेंट हा शब्द त्यांना साहेबाकडून मोटारीबरोबर फुकट मिळाला होता.

त्याच पावसाळ्यात दत्तात्रयाला खोकल्यातून रक्त पडू लागलं. क्षयावरच्या नव्या सुया तेव्हा नागपुरात नुकत्याच मिळायला लागल्या होत्या आणि फार महाग होत्या. मोटार विका, म्हणून थोरली जाऊ अंबाबाईनं स्वतःच्या नवऱ्यापुढे पदर पसरला. "आता विकली तं मातीमोल जाईन," रघुनाथराव म्हणाले. "दोन वर्षं दम धरा, दुप्पट होते." दम धरायला दत्तात्रयाजवळ दमच उरला नव्हता. पुढच्या संक्रांतीला तो गेला. तिसरा दिवस झाल्यावर रघुनाथरावांनी मोटारीवरची धूळ पुसली, ते जयवंतेनं खिडकीतून पाहिलं.

मोटारीनं पुढे काय दिलं म्हणाल, तर काही नाही. टायर कलकत्त्याहून येत. पेट्रोल असलं तर बॅटरी नसे. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला निघायची आणि येताना बैल जुंपून ओढून आणावी लागायची. नागपूरचा एक सिनेमावाला मागायला आला होता, त्याला "अजून चढन" म्हणून परत पाठवलं. भाव मात्र दरवर्षी चढत होता, रघुनाथरावांच्या तोंडी.

एवढं सगळं त्या किल्लीत होतं. जयवंता चौकटीपासून हलली. डाव्या ताटाजवळ थांबली, तेव्हा रघुनाथरावांनी तक्क्यावरचा हात मांडीवर घेतला. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि तिनं उजव्या ताटातली डहाळी किल्लीसकट उचलून पदरात बांधली.

रघुनाथराव दाराशी उभ्या असलेल्या अंबाबाईवर ओरडले, "अवं, विचार तिले! गाडी काऊन घेऊन राहिली? चालवता येते का तिले?"

"बाई, त्यायले सांगा," जयवंता अंबाबाईला म्हणाली, आणि तिचा आवाज घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बगीचा माह्या मालकाचा हाय, म्हनून घेतला. अन् गाडी भंगार हाय ना? मंग भंगारासाठी एवढं काऊन ओरडून राहिले?"

त्यानंतर पंधरा दिवस रघुनाथरावांनी सगळे उपाय केले. आधी अंबाबाईला पाठवलं, मग भैय्याजींना. कापसाचं शेत देऊ केलं, पाटल्या देऊ केल्या. जयवंता नाही म्हणाली. तेव्हा ते स्वतः तिच्या अंगणात आले. मोटार तिथं उघड्यावर होती, तिच्या बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ते पाहून रघुनाथरावांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, संत्र्याच्या बाजारात ज्याच्या शब्दावर सौदे व्हायचे, तो मोटारीच्या नाकावर हात ठेवून हुंदके देऊ लागला.

जयवंता दाराआड उभी होती. हा दिवस पाहायचाच म्हणून ती जगली होती. हात जोडलेला, रडलेला भासरा तिनं मनात किती वेळा पाहिला होता. आणि आता तो खरोखर समोर होता, तर तिच्या अंगाची आग झाली.

"बाई, त्यायले सांगा," ती मोठ्यानं म्हणाली. अंबाबाई तिथं नव्हतीच, पण तिच्या नावानंच बोलायचं होतं. "भाऊ गेला तवा डोयात टिपूस नव्हता. आज लोखंडासाठी आलं. म्या पाहून घेतलं."

दुसऱ्या दिवशी तिनं रामाकोन्याहून सुतार बोलावला. आठवडाभर अंगणात ठोकपीट चालली. पुढची दोन चाकं आणि त्यांचा कणा काढून त्यावर बाभळीच्या लाकडाची हलकी बंडी, म्हणजे बैलगाडी, बांधली. लांब नाकाचा पत्रा उलटा करून बैलांच्या सरकीढेपेची गव्हाण झाली. दारं कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. उरलेलं खरोखरच भंगारवाल्यानं नेलं, आणि त्यानं जे दिलं त्यात सुताराची मजुरी कशीबशी निघाली. सौंसरात लोक तोंडात पदर घालून हसले.

पण रबरी चाकांची बंडी मऊ चालते. लाकडी चाकांच्या बंडीत स्टेशनपर्यंत जाता जाता खालचा थर चेचून जायचा, या बंडीत एक फळ दबेना. नागपूरच्या बाजारात जयवंतेच्या मालाला चढा भाव मिळू लागला. त्या मोटारीनं जन्मात काही कमावलं असेल तर ते तेव्हा, बैलांच्या मागे.

बगीच्यातून स्टेशनला जायचा रस्ता नाल्याकाठून होता. जयवंतेनं गाडीवान गुणवंताला सांगून ठेवलं, बंडी जाईल ती भासऱ्यांच्या गल्लीतून, त्यांच्या ओट्यापुढून, घंटा वाजवत. लांब पडतं, म्हणून त्यानं कुरकुर केली. "पडू दे लांब," ती म्हणाली.

पहिल्या बहाराला रघुनाथरावांनी बंडी दिसताच दार लावून घेतलं. दुसऱ्या बहाराला दार अर्धं उघडं राहिलं. तिसऱ्या वर्षी गुणवंता हसत सांगत आला, "मोठे मालक आज ओट्यावरच होते. म्हने, डाव्या चाकात हवा कमी हाय रे. हातपंप आनून सोताच भरली हवा. चाकाले फडक्यानं पुसलं बी. म्हने, उद्या कवा येशीन?"

जयवंता सूप आपटून उठली.

"म्या त्यायले जाळाले बंडी पाठवून राहिली, अन् ते बसून शेकून राहिले!" ती म्हणाली. "उद्यापासून नाल्याकाठून ने. त्या गल्लीत चाक दिसलं तं तुह्यी चाकरी गेली समज."

पुढची दोन वर्षं बंडी नाल्याकाठून गेली. बहाराच्या दिवसांत रघुनाथराव सकाळपासून ओट्यावर बसतात, दुरून कोणाच्याही बैलांची घंटा आली की उठून बघतात, असं गुणवंतानं एकदा भीतभीत सांगितलं. "बसू दे," जयवंता म्हणाली. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले, हे खरं आहे.

मग बासष्ट साली, संत्री ऐन रंगावर असताना, अंबाबाई बगीच्यात आली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली. बराच वेळ पायातला काटा शोधत राहिली.

"त्यायचं आता काही खरं नाई, जयवंता," ती म्हणाली. "दिसत नाई जास्त. खात नाई. काल पोराले बोलावतात तसं बोलवत होते गाडीले. एक डाव बंडी नेशीन का वो ओट्यापुढून? चाकाले हात लावू दे. मंग काई नाई मागत."

जयवंतेनं हो म्हटलं नाही. अंबाबाई निघून गेली तेव्हाही ती झाडाखालची गळलेली फळं वेचत होती. पण रात्रभर तिला झोप आली नाही. दत्तात्रय शेवटच्या महिन्यात रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारायचा, विकली का गाडी? ती रोज म्हणायची, आज इकतीन. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या आईलासुद्धा नाही. आता ते सांगायचं, भासऱ्यांच्या तोंडावर, अंबाबाईला मध्ये न घालता, पदर वर करून सांगायचं आणि मग त्यांना मरू द्यायचं, असं तिनं ठरवलं. यासाठीच जायचं.

सकाळी तिनं बंडी भरली आणि गुणवंताबरोबर स्वतः चालत निघाली. ओट्यावर बाज टाकली होती. अंबाबाईनं रघुनाथरावांना उशीला टेकवून बसवलं होतं. माणूस निम्मा उरला होता. बंडी ओट्याला अगदी लागून उभी राहिली, तशी त्यांनी गोधडीतून हात काढून चाचपत चाकावर ठेवला. बोटांनी तारा मोजल्यासारख्या केल्या. चेहऱ्यावर असं सुख होतं की जयवंतेच्या तोंडात शब्द अगदी तयार झाले. तिनं पदर कपाळापर्यंत मागे सारला.

"गुणवंता आला काय रे?" रघुनाथरावांनी विचारलं. "कोन हाय सोबत?"

"जयवंता हाय," अंबाबाई म्हणाली.

रघुनाथरावांनी चाकावरचा हात काढला. घाईघाईनं गोधडीत लपवला आणि मान भिंतीकडे वळवली.

बैल शेपट्या हलवत होते. जयवंता त्या गोधडीकडे बघत राहिली. तिनं काही माफ केलं नव्हतं, करणारही नव्हती. तिनं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला, ओट्याकडे पाठ केली आणि बैलांच्या तोंडाशी जाऊन घट्ट नसलेली वेसण सैल करत बसली, बराच वेळ, चाकाकडे एकदाही वळून न पाहता.