उण्या नोंदी

पृथ्वीच्या कडेवर उजेडाची एक बारीक, केशरी-निळी रेघ उमटते. सहाशे किलोमीटरांवरून धावणारी ‘किरणवेध’ दुर्बीण दिवसाला पंधरा सूर्योदय पाहते, आणि प्रत्येक सूर्योदय हवेच्या विरळ, विरळतर, विरळतम थरांतून गाळून घेते. कुठल्या रंगाचं तेज किती हरवलं, त्यावरून कुठला वायू किती, हे तिला उमगतं. अब्ज कणांतला एखादा कणही सुटत नाही.

निदान शास्त्रज्ञ कालिंदी देवस्थळीला तसा अभिमान होता. बारा वर्षं तिने ही दुर्बीण लेकीसारखी वाढवली होती. पण ओझोन कुरतडणारा एक वायू दुर्बीण दुप्पट सांगत होती. फुग्यातून वर पाठवून हवा भरून आणलेली कुपी त्याच्या निम्मा. आज अकरा वाजता संचालक वझलवार दुर्बीण बंद करण्याच्या आदेशावर सही करणार होते.

सोनेरी, शांत, निर्दय अशा त्या सकाळी कालिंदी आकड्यांपुढे बसली, आणि तिला वगळलेल्या नोंदींचा ढीग दिसला. सगळ्या उण्या. क्षीण, कंपित प्रकाशात मोजमाप कधी खऱ्याच्या वर डोलतं, कधी शून्याखाली बुडतं. दोन्ही मिसळली की खरं हाती येतं. पण शून्याहून कमी वायू असेलच कसा, म्हणून पहिल्याच वर्षी तिनेच उणे आकडे गाळायला सांगितले होते. घरातलं उणं चारचौघांत दाखवू नये, हे लहानपणचं वळण थेट अंतराळात पोचलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण तरी केवढं!

तिने उण्या नोंदी परत घेतल्या. सरासरी उतरली, उतरत उतरत कुपीच्या आकड्यावर येऊन टेकली. तिला हसू आलं आणि रडूही.

वझलवारांनी तिने पुढे ठेवलेला नव्या सरासरीचा कागद दोनदा वाचला, सही न करताच पेनाला टोपण लावलं. अहवालात संगणकाची चूक म्हणू, असं त्यांनी समजुतीने सुचवलं.

“नको सर. चूक माझी आहे, माझंच नाव लिहा,” ती म्हणाली. “दुर्बीण पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.”

तिची मान ताठ होती. इतक्या अभिमानाने कुणी चूक कबूल केलेली त्यांनी पाहिली नव्हती.

दुपारी नव्या नोंदी उतरल्या. नील कडेच्या, मंद तेजाच्या, एकेचाळीस. त्यांतल्या सतरा उण्या. कालिंदीने हिशेबाचं दार उघडलं, आणि सगळ्यांना आत घेतलं.