डाव्या कानाचा बिल्ला

सही करू नकोस. ठेव तो मोबाईल खाली, वर्षा, आणि बस. त्या बंड्यालाही बसव, माझी चप्पल चावून त्यानं अर्धी केलीय मेल्यानं. कुत्र्याचा विमा काढू की नको, हे तू तुझ्या नवऱ्याला, सतीशला, विचारायचं सोडून माझ्यासारख्या शेजारणीला विचारतेस. तो बिचारा कारखान्यातून येऊन झोपलाय म्हणून असेल. पण आलीस ते बरं झालं. या तुयें गावात लेकीच्या घरी मी चार वर्षं राहतेय, तरी कुणाला हे सांगितलेलं नाही. गौरवीला, माझ्या लेकीलासुद्धा नाही. ज्याची ही गोष्ट, तो तिचा बाप होता ना.

तुम्ही कोल्हापूरकडचे, आमची बोली तुला अर्धी कळते, अर्धी नाही. म्हणून तुझ्या मराठीत सांगते. भांडणाच्या जागी तोंडातून आमचंच येईल, तेवढं सांभाळून घे.

माझं सासर नार्व्याला, नदीच्या काठावर. गोवा राज्य झालं त्याला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझा नवरा कृष्णनाथ खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. होता म्हणजे, तांडेलाशी, खलाशांच्या म्होरक्याशी, वाजलं, त्याचं डोकं लोखंडी हुकानं फोडलंन आणि घरी येऊन बसला. हात उचलायला त्याला कारण लागायचं नाही. भात करपला तर मला, दार कुरकुरलं तर दाराला. त्यानं डोक्यात एकच घेतलं होतं, मोटरसायकल घ्यायची आणि डिचोलीच्या स्टँडवर पायलट व्हायचं. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे गं, हसतेस काय! मागं बसवून माणसं सोडतो तो, पिवळ्या मडगार्डचा.

घर चालत होतं ते शेवंतीवर. शेवंती म्हणजे माझी गाय. संकरित, काळी, कपाळावर फुलाएवढं पांढरं. पहाटे उठून मी तिला धुवायची, चारायची, पिळायची आणि बालदी डोक्यावर घेऊन डेअरीत जायची. ती माझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. मी आजारी पडले तर दूध वर चढवून उभी राहायची, पण दुसऱ्याला थेंब द्यायची नाही. एवढा लळा तर मला पोटच्या पोरीनंही लावला नाही, आणि हे मी गौरवीच्या तोंडावर सांगेन.

डेअरीचा सेक्रेटरी गुरुदास म्हणाला, विमा काढा. काढला. गुरांचा डॉक्टर आला आणि पकडीनं तिच्या डाव्या कानात पितळेचा बिल्ला ठोकला, नंबर कोरलेला. तिनं अशी लाथ झाडली की पकडीसकट डॉक्टर शेणात. तिला धरायला कृष्णनाथ होता, त्यानं तिच्या तोंडावर बुक्के मारले. मी मध्ये पडले तर मलाही एक मिळाला. असा आमचा विमा सुरू झाला.

पुढच्या वर्षी शेवंती व्याली. पाडी झाली, छान काळीभोर. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शेवंती खाली बसलेली, मान वळवून पोटाकडे टाकलेली. उठवली तर उठेना. कान बर्फासारखे गार. डोळे उघडे, पण बघत नव्हते. पाडी दावणीला हंबरत होती आणि आई ढुंकूनही पाहत नव्हती. 

मी ओरडत घरात गेले. कृष्णनाथ चहात पाव बुडवून खात होता. म्हटलं, डॉक्टरला बोलवा. तो उठला, गोठ्यात जाऊन बघून आला आणि सायकल काढून गेला. मला वाटलं, डॉक्टरकडे गेला. आला तो गुरुदासला घेऊन. दोघं अंगणात उभे राहिले आणि मी दाराआडून ऐकत राहिले.

कृष्णनाथानं विचारलं, औषधाचा खर्च विम्यातून मिळतो का. गुरुदास म्हणाला, "औषधाचो एक पैसो नाय. मेली तर पुरे मिळतत." पुरे म्हणजे किती ते त्यानं सांगितलं. मोटरसायकलीएवढे होते. मग तो म्हणाला, डॉक्टर मढं बघून दाखला देईल, अंगावर मार दिसता कामा नये, आणि बिल्ल्यासकट कान कापून कंपनीला द्यावा लागेल. "बिल्लो नाय, तर पैसे नाय." बिल्ला हरवला तर नवा मारून मिळतो, पण त्याला गाय उभी आणि धडधाकट हवी. एवढं बोलून तो गेला. वाईट माणूस नव्हता तो. विचारलं त्याचं उत्तर दिलंन, बस.

कृष्णनाथ गोठ्याच्या दारात उभा राहून शेवंतीकडे बघत राहिला. ते बघणं मी ओळखलं, वर्षा. बाजारात वस्तू घ्यायच्या आधी माणूस बघतो ना, तसं. मी पदर खोचला आणि रस्त्याला लागले.

"खंय चललंस गो?"

"डॉक्टराक हाडूक."

"मरांदे तिका."

"ती जिती आसा!"

त्यानं मला केसांनी धरलं आणि अंगणातून फरफटत आणलं. उंबऱ्यावर माझा गुडघा फुटला. स्वयंपाकघरात ढकलून पोटात लाथ घातलीन आणि बाहेरून कडी लावली. मी पडल्या पडल्या ऐकलं, विहिरीवर रहाट वाजला. सकाळच्या वेळी त्याला पाणी कशाला हवं, माझ्या डोक्यात येईना. मग ओलं गोणपाट आपटल्याचा आवाज आला आणि सगळं लख्ख कळलं. अंगावर मार दिसता कामा नये!

देवाशप्पथ सांगते, माझ्यात तेवढं बळ कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. वरवंटा उचलला आणि जनेलावर घातला. जनेल म्हणजे खिडकी गं. लाकडाचे गज होते, दोन तुटले, एक माझ्या हातात घुसला. भिंतीवरची कोयती घेतली आणि त्या फटीतून बाहेर पडले. दंडाची सालटी निघाली. बघ, हा वण.

गोठ्यात तो शेवंतीच्या मानेवर बसला होता. ओलं गोणपाट तिच्या सगळ्या तोंडावर, डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत गुंडाळलेलं, आणि दोन्ही हातांनी तो ते आवळत होता. तिचे मागचे पाय जमीन खरवडत होते. मूत सुटलं होतं. आवाज करायलाही तिच्यात श्वास उरला नव्हता. पाडी मात्र दोर तोडायला बघत होती.

"सोड तिका! सोड, रांडेच्या!"

त्यानं मान वळवली आणि हसला. हसला गं तो! "गप ऱ्हव. दोन मिनटांचा काम."

मी कोयतीची पाठ त्याच्या खांद्यावर घातली. धार घालायला हवी होती, असं पुढं कितीदा वाटलं, पण घातली पाठच. हाड वाजलं. तो कोलमडून गव्हाणीवर आपटला आणि त्याच्या कपाळातून भळाभळा रक्त आलं. मी गोणपाट ओढून काढलं. शेवंतीनं असा श्वास घेतला, जसा भाता ओढतात तसा.

आता ऐक नीट. तो उठत होता. त्याच्यात माझ्या तिप्पट ताकद. मला मारून पाडायला त्याला किती वेळ? आणि आज नाही जमलं तर संध्याकाळी, नाहीतर उद्या. मी चोवीस तास कोयती घेऊन गोठ्यात बसू का? मला तेवढ्यात गुरुदासचं बोलणं आठवलं. ही जगली पाहिजे तर तिच्या मरणाला किंमत राहता कामा नये.

मी तिचा डावा कान धरला. बिल्ला मुळाशी, जाड मांसात बसलेला. "शेवंते, बाये, सोस," म्हटलं आणि कोयती लावली.

एका घावात झालं नाही. कान चिवट असतो. दुसऱ्या घावात अर्धा आला. जिच्यात मान उचलायचं त्राण नव्हतं ती अशी ओरडली की देवळापर्यंत ऐकू गेलं असेल. तिनं डोकं फिरवलं, शिंगाच्या बुडख्याचा दणका माझ्या जबड्यावर बसला आणि समोरचा दात पडला. तिसरा घाव घातला. कानाचा तुकडा माझ्या मुठीत आला, गरम, बिल्ल्यासकट. तिचं रक्त माझ्या तोंडावर, माझं रक्त तिच्या कपाळावरच्या पांढऱ्यावर. ती माझ्याकडे बघत होती. सकाळपासून मेलेले ते डोळे आता बघत होते.

मी पळाले. मागून तो. नदी काही लांब नाही, माडांच्या दोन रांगा ओलांडल्या की बांध. बांधावर उभी राहिले आणि जेवढं बळ होतं तेवढ्यानं मुठीतलं भिरकावलं. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. बुडुक केलं, संपलं.

"बिल्लो खंय?"

"न्हयत गेलो. आता मार तिका! जा, मार! काय गावता तुका बघूया!"

मग त्यानं मला मारलं. ते किती आणि कसं, ते नको विचारू. चिखलात तोंड दाबलंन, फासळीवर लाथा घातल्या. त्या गोणपाटाची पाळी आता माझी, असं मला वाटलं. पण मारता मारता तो थांबला. धापा टाकत बांधावर बसला आणि नदीकडे बघू लागला. मनातल्या मनात त्याचं काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मेली गाय आता शेणाच्या मोलाची. दूध द्यायचं तर ती उभी राहायला हवी. नवा बिल्ला मारायचा तरी ती उभी राहायला हवी. वर्षा, तो माणूस उठला, तसाच अनवाणी, कपाळावर रक्त, आणि सायकल घेऊन डॉक्टरकडे सुटला. सकाळपासून मी ज्याच्यासाठी पाया पडत होते, ते आता तो स्वतः करत होता. मी चिखलात पडून हसले. तोंडात दात नव्हता, फासळी मोडली होती आणि मी वेडीसारखी हसत होते.

डॉक्टर आला. म्हणाला, व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम उतरलंय, दुभत्या गाईला होतं असं. शिरेतून एक बाटली लावली. फक्त एक बाटली! ती संपायच्या आधी शेवंती थरथरली, तिनं ढेकर दिला आणि तासाभरात चार पायांवर उभी राहिली. पाडी लुचायला लागली. ज्या दुखण्यासाठी तिला मारायला निघाला होता, ते एका बाटलीचं दुखणं होतं.

डॉक्टरनं कानाला टाके घालताना विचारलं, "हा कान कसा तुटला?"

कृष्णनाथ म्हणाला, "कुत्र्यान फाडल्यान."

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडच्या कुत्र्याला धार चांगली आहे." 

तुला वाटलं, संपली गोष्ट. मलाही वाटलं होतं. संध्याकाळी मी बालदी घेऊन गोठ्यात गेले. हाक मारली. शेवंतीनं मला पाहिलं आणि दावं तुटेपर्यंत मागं सरली. अंग थडथड उडत होतं तिचं. मी जवळ गेले तर लाथ, बालदी एकीकडे, मी एकीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. पेंड दाखवली, गूळ दाखवला, मान खाजवायला हात पुढं केला, की डोळे पांढरे करायची.

कास दुधानं ताठली, दुखायला लागली, तेव्हा कृष्णनाथ बसला पिळायला. आणि तिनं दिलं, गं! मुकाट दिलं. विचार कर ना, त्यानं नाक दाबलं तेव्हा तिच्या डोळ्यांवर गोणपाट होतं. मानेवर कोण बसलंय ते तिनं पाहिलंच नाही. गोणपाट निघालं, उजेड आला, आणि पहिली दिसले ती मी, हातात कोयती.

त्यानंतर अकरा वर्षं जगली शेवंती. अकरा वर्षं तिला त्यानं पिळलं. दुधाच्या पैशावर मोटरसायकलही घेतलीन, मग नव्या बिल्ल्याची त्याला गरजच उरली नाही. गावात लोक म्हणायचे, कृष्णनाथ तापट खरा, पण जनावराला माणूस कळतो. मी शेण काढायची, चारा कापायची, आणि तिच्यासमोर टाकताना लांबून टाकायची. ती म्हातारी होऊन मेली तेव्हाही मी दारातच उभी होते. आत गेले असते तर शेवटच्या घटकेला घाबरली असती.

पुस शेंबूड, रडू नकोस. तर हा तुझा विमा. चष्मा लावून वाच आधी, आजारी पडल्यावर देतात का मेल्यावर. मेल्यावर देत असतील तर पुसून टाक ते मोबाईलमधून. आजारी पडल्यावर देत असतील तर खुशाल काढ, मी तुला अडवणार नाही; एका बाटलीसाठी कुणाचं काय काय जातं ते मी पाहिलंय. आणि काय म्हणालीस, आता कानात बिल्ला मारत नाहीत, कातडीखाली चिप घालतात? अरे वा, म्हणजे उपटून फेकायची सोयसुद्धा ठेवली नाही.

इकडे ये रे, बंड्या. बघ कसा मांडीवर चढतो, ओळख ना पाळख. राहू दे गं, वर्षा, ओढू नकोस त्याला. बसू दे थोडा वेळ.